अर्धीबाई

शाळेत मोठ्या माणसांना पडणारी नावं बहुतेक रूपावरून पडतात. कुणी लंबू, कुणी टकलू, कुणी ढोल. लायब्ररीच्या बाईंना मात्र पोरं अर्धीबाई म्हणायची ते काही उंचीवरून नव्हे. उंचीने त्या चांगल्या दाराच्या चौकटीला टेकतील अशा होत्या. नाव पडलं ते त्यांनी आयुष्यात कुणालाही पुरी गोष्ट सांगितली नाही म्हणून.

आता ही काय तऱ्हा, असं तुम्हाला वाटेल. मोठ्या बाईंना, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिकांनाही वाटलं होतं. पण एकदा त्यांनी दाराआडून लायब्ररीचा तास ऐकला आणि मग त्या वाटेला गेल्या नाहीत. बाई यायच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढायच्या आणि घोगऱ्या आवाजात वाचायला लागायच्या. हातवारे नाहीत की नाटकं नाहीत. पाच मिनिटांत वर्ग असा गप्प व्हायचा की मागच्या बाकावरचा पंखा कुरकुरतो हे तेव्हाच कळायचं. आणि ऐन मोक्याला, चोराच्या खांद्यावर हात पडला रे पडला की बाई फाटकन पुस्तक मिटायच्या.

"पुढे काय झालं, बाई?"

"मला काय विचारता? पुस्तक तिथे कपाटात आहे. हातपाय आहेत ना देवाने दिलेले?"

मग जी झुंबड उडायची! बाकं सरकायची, कुणाची वेणी ओढली जायची, कुणाचा डबा सांडायचा. सहावीत एक चुरचुरीत मुलगी होती. तिला सगळे वकील म्हणायचे, कारण ती फळा पुसण्याच्या पाळीवरूनसुद्धा वाद घालायची. ती दर वेळी कमरेवर हात ठेवून उभी राहायची. "बाई, हा सरळसरळ अन्याय आहे. अर्ध्यात तोडायचं होतं तर सुरूच कशाला केलंत?"

"केस हरलीस," बाई म्हणायच्या. "जा, पुस्तक घे आणि वाच."

आणि वकील पाय आपटत जायची, आणि वाचायची. चिडून वाचलं तरी वाचलंच ना? बाईंचं सगळं शास्त्र एवढंच होतं. स्वतःच्या मुलालाही त्यांनी असंच वाचायला लावलं होतं, तापाने फणफणलेला असताना अर्धी गोष्ट सांगून. त्यांची सून त्यांना चिडवायची, "आई, तुमच्या मुलाबद्दलही लग्नाआधी मला अर्धंच सांगितलंत ना?" बाई म्हणायच्या, "पुरं सांगितलं असतं तर तू आली असतीस का?" दोघींचं असं बरं चालायचं.

अडचण एकच होती. गोष्ट ऐकणारी पोरं वर्गभर आणि पुस्तकाची प्रत एक. ज्याच्या हाती लागलं तो राजा, बाकीच्यांची उत्सुकता आठवडाभरात विझून जायची. जास्त प्रती घ्या म्हणून बाईंनी किती वेळा सांगितलं, पण मोठ्या बाईंकडे त्याला एकच उत्तर असायचं, "बघू." त्या बघूचं पुढे काय होतं ते शाळेत काम केलेल्या माणसाला सांगायला नको.

शेवटी सून म्हणाली, "आई, इतकी पुस्तकं इंटरनेटवर फुकट पडली आहेत. तुम्ही का नाही वापरत?"

बाईंनी आधी नाक मुरडलं. मग एका सुट्टीत बसल्या आणि बसल्या त्या बसल्याच. मुलांसाठी चित्रांच्या गोष्टी फुकट देणारी ठिकाणं होती, मोठ्याने वाचून दाखवणारे आवाज होते, जुनी दुर्मीळ पुस्तकं पानन् पान उतरवून ठेवलेली होती. कचराही तितकाच होता. एक ठिकाण तिसऱ्या पानावर कार्डाचा नंबर मागायचं. एकावर गोष्टीच्या मधेच केस काळे करायच्या तेलाची जाहिरात नाचायची. एकाची अक्षरं मुंगीएवढी. बाईंनी हे सगळं मुलाच्या जुन्या, काच तडकलेल्या फोनवर उघडून पाहिलं, कारण शाळेतल्या पोरांच्या घरी फोन असलेच तर तसलेच होते. त्या फोनवर जे धड उघडेल तेच घ्यायचं. बाकीचं गेलं खड्ड्यात.

सुनेने त्यांना शाळेच्या वेबसाइटवर एक पान करून दिलं. बाईंनी त्याला नाव दिलं, 'पुढे काय झालं?' प्रत्येक पुस्तकाखाली चार ओळींत अर्धी गोष्ट, आणि मोक्याच्या जागी बोट ठेवलं की पुस्तक उघडणार. खाली एक कोपरा दुसऱ्या शाळांच्या ग्रंथपालांसाठी. वाचनाचा तास कसा घ्यायचा, पुस्तकांवरचे खेळ कुठे मिळतात, पुस्तकांची नोंद ठेवायला फुकटचं काय चांगलं, कुठल्या ठिकाणी फसगत होते, सगळं खुलासेवार. दुसऱ्या शाळांतून फोन येऊ लागले. शिक्षण घेताना बाईंबरोबर असलेली एक मैत्रीण लांबच्या शाळेत ग्रंथपाल होती. ती म्हणाली, "अगं, तू तर आमचे कष्ट वाचवलेस." बाई त्या दिवशी घरी गुणगुणत आल्या.

आता खरी गंमत ऐका. गंमत कसली, कपाळ!

शाळेच्या संमेलनात संस्थेचे सेक्रेटरी भाषणाला उभे राहिले. त्यांनी बाईंना पुढे बोलावलं, गुच्छ दिला आणि माइकमध्ये म्हणाले, "आमच्या या बाईंनी अख्खी लायब्ररी एका पानात आणून ठेवली!" टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईही हसल्या. पुढचं वाक्य काय असणार ते त्यांच्या लक्षात यायला हवं होतं. उभा जन्म मोक्याच्या जागा शोधण्यात घालवलेल्या बाईला ही एक जागा दिसली नाही.

गुच्छ सुकायच्या आत नोटीस लागली. लायब्ररी आता डिजिटल झाली असल्याने खोलीची गरज उरली नाही, लायब्ररीचा तास गणिताच्या जादा सरावाला दिला, ग्रंथपालांनी ऑफिसच्या खिडकीवर बसावं. कपाटं भंगारवाला घेऊन गेला. पुस्तकांचे गठ्ठे सुतळीने बांधून जिन्याखाली, रंगाच्या डब्यांशेजारी. खोलीत प्रवेशासाठी येणाऱ्या पालकांना बसायला सोफे आले आणि मागच्या भिंतीला कागद चिकटवला. कागदावर काय होतं माहितीये? पुस्तकांची कपाटं! छापलेली, चकचकीत, एकही पुस्तक निघणार नाही अशी. फाटकावर पाटी लागली, 'डिजिटल ग्रंथालय असलेली शाळा'.

"मी कशाला केलं गं हे?" बाई सुनेला म्हणाल्या. "आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला." सुनेने चहा पुढे केला. बाईंनी तो घेतला नाही.

आणि थोड्याच दिवसांनी मैत्रिणीचा फोन आला. आवाज बदललेला होता. "आमच्या संस्थेलाही तुझ्या पानाचा पत्ता लागला बरं का. आमची खोली गेली." मग ती म्हणाली, "तुझा राग नाही. पण फोन तरी करून सांगावं म्हटलं." राग नाही म्हणणाऱ्या माणसाची माफी तरी कशी मागणार?

खिडकीवर काम म्हणजे दाखले, पास, शिक्के. बाई जाळीच्या आत, पोरं बाहेर. पोरं यायची, "बाई, पुढे काय झालं?" विचारायची. खोली बंद झाली त्या आठवड्यात बाईंनी एका आंधळ्या घड्याळजीची गोष्ट सुरू केली होती. त्याच्या दुकानात एक पळून आलेली मुलगी शिरते आणि मोठ्या घड्याळाच्या पेटीत लपते. घड्याळजीला दिसत नाही, पण आज दुकानात एक टिकटिक जास्त आहे एवढं त्याला कळतं. तो एकेक घड्याळ बंद करत येतो. शेवटी एकच उरतं, ते मोठं. तो पेटीच्या दाराला हात घालतो आणि बाईंनी पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी खोलीला कुलूप.

"पानावर आहे, वाचा," बाई जाळीतून सांगायच्या. पोरं हो म्हणायची आणि खेळायला पळायची.

एका संध्याकाळी सून फोन घेऊन बाईंशेजारी येऊन बसली. "आई, हे बघा." कुठल्या दिवशी किती जणांनी पान उघडलं त्याची ती रेघ होती. आधीच्या महिन्यांत दर तासाच्या दिवशी रेघ ताडमाड उभी, मग हळूहळू उतरलेली, पुढच्या तासाला पुन्हा उभी. आणि खोली बंद झाली तिथपासून रेघ सपाट. जमिनीला चिकटलेली. कुणी म्हणून कुणी फिरकलं नव्हतं.

बाई बघतच राहिल्या. मग एकदम उठून उभ्या राहिल्या. "अगं, म्हणजे पोरं पानावर यायची ती माझ्या अर्ध्या गोष्टीमुळे! गोष्ट तुटली की धावायची. तास गेला, आता धावतील कशाला?"

"मग! मी दुसरं काय सांगतेय?"

"आता बघते कसे खोली देत नाहीत ते," बाई म्हणाल्या. किती दिवसांनी त्या रात्री पोटभर जेवल्या.

सकाळी फोन घेऊन त्या मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये गेल्या. नशीब बघा, सेक्रेटरीही तिथेच बसले होते. एका फटक्यात काम होईल, असं बाईंना वाटलं. त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि बोट फिरवून सगळं समजावलं. हे डोंगर दिसतात ना, ते तासाचे दिवस. इथे तास बंद झाला. इथून पुढे बघा, सपाट. "मला सगळी खोली नको," बाई म्हणाल्या. "एक कोपरा द्या, जिन्याखालची पुस्तकं द्या आणि आठवड्याला एक तास द्या. पान पुन्हा चालायला लागतं की नाही बघा."

सेक्रेटरींनी चष्मा लावून रेघ नीट पाहिली. माणूस काही वाईट नव्हता, मन लावून पाहत होता. मग त्यांनी फोन मोठ्या बाईंकडे सरकवला.

"म्हणजे फुकट आणि घरबसल्या दिलं तरी मुलं वाचत नाहीत," ते म्हणाले. "आवडच उरलेली नाही हो या पिढीला. बरं झालं आपण वेळेत खोली मोकळी केली."

"अहो, पण तास होता तेव्हा..."

"बाई, तुमची तळमळ कळते मला," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण हे पान कुणी उघडतच नसेल तर वेबसाइटवर उगाच जागा अडवून राहिलंय. आजच काढून टाकायला सांगते. तुमच्या डोक्यालाही ताप नको. पाटी राहू दे फाटकावर, ती बरी दिसते."

बाईंना ओरडावंसं वाटलं. टेबलावरचा पेपरवेट उचलून भिंतीवर मारावा, असंही वाटलं. आयुष्यभर मुलांना अर्ध्यावरून पुढचं ओळखायला शिकवलं, आणि इथे दोन शहाणी माणसं समोर पुरी मांडलेली गोष्ट उलटी वाचत होती. पण खिडकीवर रांग लागल्याचं शिपाई सांगायला आला. बाईंनी फोन उचलला आणि त्या निघाल्या.

रांगेत वकील होती. बसच्या पासावर शिक्का हवा होता. तिने पास जाळीखालून सरकवला आणि नाक जाळीला लावलं.

"बाई, सांगा ना. त्या घड्याळजीने पेटी उघडली तेव्हा काय झालं?"

एरवी बाईंचं उत्तर ठरलेलं होतं. जा आणि वाच. पण जा म्हणजे कुठे जा? पुस्तक सुतळीत बांधलेलं आणि पान तर आत्ता, या घटकेला, कुणीतरी पुसत असेल. बाईंनी शिक्का शाईत दाबला.

"उघडतच नाही तो पेटी," त्या म्हणाल्या. "ती आत आहे हे त्याला कळलेलं असतं. दुकानाचं दार उघडं ठेवतो, भाकरी झाकून ठेवतो आणि वर जाऊन झोपतो. संपलं."

पुस्तकात याला आठ पानं लागतात. त्या आठ पानांवर बाई दर वेळी रडल्या होत्या.

वकिलाचा क्षणभर विश्वासच बसेना. मग ती टाळी वाजवून ओरडली, "बाईंनी पुरी सांगितली! मी केस जिंकले!" मागच्या दोघीतिघी हसल्या. मग तिने ओठ काढले.

"पण एवढंच होतं होय? मला वाटलं, काहीतरी भारी असेल."

"एवढंच," बाई म्हणाल्या आणि पासावर शिक्का मारला.

वकील पास घेऊन उड्या मारत गेली. तिने पुन्हा कधी काही विचारलं नाही. बाईंनी हात जाळीखाली पुढे केला.

"पुढचा कोण आहे?"