माझी खोटी दाढदुखी

शाळंचं दार मला बाहेरनंच ठाऊक. तरीबी आपण लई शाणं, असं मला पयल्यापासनं वाटायचं. आमच्या आप्पांची दाढ दुखाय लागली तवा तर मी वैदच झालो.

निपाणीच्या अंगाला आमचं शेत. तंबाखू घरची, त्यामुळं मशेरीला तोटा न्हवता. वडलांची दाढ ठणकली की मी सोता तव्यावर पाला भाजायचो, काळाकुट्ट करून चुरायचो आन म्हणायचो, "घासा, आप्पा. गोऱ्या डाक्टराकडंबी असलं औषिद न्हाय." घासलं की घटकाभर तोंड बधिर व्हायचं. हिरड्या मातूर सुजायच्या. दोन-तीन वर्सांत पुढचं चार दात सोडलं तर तोंड मोकळं. औषिद गुणाचंच म्हणायचं. दाढ न्हाय तर दुखणार काय?

मग आप्पा वाळाय लागलं. हिरीवरनं तांब्याभर पाणी आणताना दोनदा गुडघ्यावर आलं. शेताकडं यायचं बंदच झालं, दारातच बसून ऱ्हायचं. हा माणूस पुढचा उन्हाळा काढंल का न्हाय, असं आम्हास्नी वाटाय लागलं. मी आपलं शाणपण करून देवाला कोंबडं दिलं. ते बी निम्मं मीच खाल्लं.

तेवढ्यात नंदगडास्नं माझी थोरली भण माहेराला आली. चार दिस तिनं आमची पंगत बघितली आन मला परसात गाठलं.

"आप्पांच्या तोंडात कधी बघितलंयस का रं?"

"तोंडात कशाला बघू, आक्का? शिव्या ऐकाय कान हाईत की."

"अर्धी भाकरी ठेवून उठत्यात ते. रोज."

"भूक न्हाय म्हणत्यात."

"आन तू ऐकतोस व्हय."

मग मी आप्पास्नी इचारलं. आधी भूक न्हाय म्हणालं. शेवटाला म्हणालं, "लेका, मी हात धुतल्याबिगर आपल्यात कुणी उठत न्हाय. माझी अर्धी भाकरी चावूस्तवर दिस कासराभर वर येतोय. तुमचं हात वाळून जात्यात, बैलं उन्हात हुबी. म्हणून उठतो."

त्या पंगतीत सगळ्यात जास्त चुळबुळ कुणाची, तर माझी. ताट चाटूनपुसून मी दारातनं ऊन बघत बसायचो. म्हाताऱ्यानं ते बघितलं व्हतं, आन मला कोंबडं सुचलं व्हतं.

त्या दिवशी आक्कानं दुधात भाकरी कुस्करून ताट म्होरं ठेवलं. आप्पांनी ते बाजूला सारलं. "मी काय पाळण्यात हाय व्हय?"

मी लगेच गाल धरला. "आक्का, मलाबी तसंच दे. दाढ लई ठणकतीया."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. "कवापासनं?"

"सकाळपासनं."

"बरं. त्यो एकटा काय खातोय. आण माझंबी."

तवापासनं आम्ही दोघं कुस्करा खाऊ लागलो. कधी दूध, कधी आमटी, कधी वरणात मऊ भात. मशेरीचा डबा आक्कानं उकिरड्यावर फेकला आन मिठाच्या पाण्यानं चुळा भरायला लावल्या, मलाबी. बायको म्हणायची, "अवं, तुमची दाढ हाय का पावसाची झड? सरतच न्हाय." तिला काय ठाऊक, ऊस बघितला की माझ्या तोंडाला कसं पाणी सुटायचं. पण घरात चोरी. म्हणून मी शेतात बांधाआड बसून कांडं सोलायचो. तिथवर आप्पा येतील ह्याचं भ्याव न्हवतंच.

एक दिवशी असाच बसलो व्हतो, तोंडात ऊस, हनवटीवरनं रस. म्हागं काठी वाजली. बघतोय तर आप्पा. घरापासनं चालत आलेलं, एकटं. दम लागलेला, पण पाय थरथरत न्हवतं.

मी गाल धरला.

"ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणालं. "काल दुसरा गाल धरला व्हतास."

तोंडात ऊस, गिळू का थुंकू. आप्पा शेजारी टेकलं आन तंबाखूच्या रानावरनं लई येळ नजर फिरवली. दोन वर्सांनी बघत व्हतं.

सांजच्याला पंगत बसली. आक्का तवर नांदायला गेलती. बायकोनं मला आख्खी भाकरी वाढली. आप्पा तिला म्हणालं, "त्याला कुस्करून दे गं. दाढ बरी न्हाय अजून माझ्या ल्योकाची."