कोंडीवर माझा उपाय

तोंडाला कुलूप नसलं की माणसाचं काय होतं, ते बघायचं असेल तर माझ्याकडे बघा. चहा ओता, सांगतो. पण हसायचं जरा कमी, कारण मला अजून हसू येत नाही.

आमची सोसायटी ठाण्यात, माजिवड्याच्या अलीकडे. समोर रस्ता, पलीकडे बाग. बागेत एक बाक आणि संध्याकाळी त्या बाकावर माझ्या बाबांची म्हातारी मंडळी. बाबा ऐंशीच्या पुढचे. आई गेल्यापासून तो बाक हेच त्यांचं जग. पण हायवे तुंबला की सगळ्या गाड्या आमच्या रस्त्यात घुसतात, आणि हायवे तुंबलेला नसतो कधी, सांगा! बाबा काठी धरून झेब्रा क्रॉसिंगवर उभे राहायचे आणि बरेचदा तसेच परत यायचे. "आज जमलं नाही रे," एवढंच म्हणायचे. जीव तुटायचा माझा.

म्हणून कोंडी शुल्काची बातमी आली तेव्हा मी उड्याच मारल्या. गर्दीच्या वेळी गाडी घेऊन शहरात शिरलात? भरा पैसे! गाड्या कमी होतील, बाबा रस्ता ओलांडतील. लोकांचं म्हणणं ऐकायला पालिकेच्या समितीने सभा ठेवली, तिथे मी इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत.

सभा कसली, सूट मागणाऱ्यांची झुंबड! शुल्क उत्तमच आहे, फक्त आमच्याकडून घेऊ नका, असं प्रत्येकाचं म्हणणं.

डॉक्टर उठले, "आम्हाला इमर्जन्सी असते." वकील उठले, "आम्हाला तारखा असतात." एक डोंबिवलीकर तावातावाने म्हणाला, "आम्ही काय हौसेने येतो का ठाण्यात? आमच्याकडे द्या ना नोकऱ्या, नाही येत!" कोपरीच्या एक कोळीणबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आमी इथले मूळचे. आमच्याच गावात आमी पैसे भरून शिरायचं? मासळीचा टेम्पो काय खाडीतून पोहत नेऊ?"

खरं सांगतो, या शेवटच्या दोघांचं मला पटलंही. पण मग उठले आमच्या भागातले नेते, तात्या. "कार्यकर्त्यांच्या गाड्या म्हणजे जनसेवेच्या गाड्या. त्यांना सूट हवीच!" आता तात्यांच्या वाढदिवसाचा स्टिकर काचेवर लावला की कोणीही कार्यकर्ता होतो, हे आमच्याकडे कोणाला सांगायला नको.

माझं डोकंच फिरलं. माईक जवळजवळ हिसकावला.

"मग असं करा साहेब, झाडून सगळ्या गाडीवाल्यांना सूट द्या! खरा गुन्हेगार कोण? पायी चालणारा! तो रस्ता ओलांडतो म्हणून गाड्या थांबतात. झेब्रा पुसून टाका, मध्ये रेलिंग ठोका, चालणाऱ्याला घरी बसवा. कोंडी खलास! शुल्क हवंय कशाला?"

अहो, टोमणा होता हा! शेंबड्या पोरालाही कळेल असा टोमणा! हशा येईल म्हणून मी थांबलो. बघतो तर समितीचे साहेब भराभर लिहून घेतायत. आणि तात्या चक्क उभे राहून टाळ्या वाजवतायत!

"वा! याला म्हणतात विधायक सूचना!"

"अहो तात्या, मी उपरोधाने बोललो..."

"नम्र आहेत, नम्र आहेत." तात्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "निवडणूक तोंडावर असताना कोणाच्या खिशाला हात न लावता उपाय सांगितला या माणसाने!"

सभा संपल्यावर मी साहेबांच्या मागे धावलो. "साहेब, ते खोडा. मी चिडून उलटं बोललो."

"खोडू कसं? सबंध सभेत फक्त तुमच्याच सूचनेला कोणी विरोध केला नाही. विचार बदलला असेल तर पुढच्या सभेत मांडा."

"पुढची सभा कधी?"

"सूचना अमलात आल्यावर."

इथे मी दुसरा गाढवपणा केला. तात्यांनी सत्काराला बोलावलं. नाही म्हणायलाच गेलेलो, देवाशप्पथ! पण शाल अंगावर पडली, नारळ हातात आला, फोटोवाला म्हणाला, "काका, जरा हसा ना." आणि मी हसलो. शाल पांघरल्यावर आपल्या माणसाला भांडता येत नाही, हे आपलं फार जुनं दुखणं आहे.

झालं! शुल्क गेलं बासनात. एरवी आमच्याकडे खड्डा बुजवायला पावसाळे उलटतात, पण रेलिंग आठवड्याच्या आत हजर. झेब्र्यावर डांबर. आणि रेलिंगला फ्लेक्स, 'करमुक्त, कोंडीमुक्त ठाणे!' मध्ये हे एवढे मोठे तात्या, आणि कोपऱ्यात शाल पांघरलेला मी, दात काढून हसतोय.

बाबा खाली उतरले. फ्लेक्स वरपासून खालपर्यंत वाचला. "फोटो चांगला आलाय," म्हणाले आणि वर निघून आले. शिव्या घातल्या असत्या तरी परवडलं असतं हो! बाकावरची मंडळी फोन करायची, का येत नाही म्हणून. बाबा सांगायचे, "पाय दुखतोय." मुलाचं नाव घेतलं नाही एकदाही.

शेवटी एका संध्याकाळी त्यांना गाडीत बसवलं. समोरच्या बागेत जायचं तर आता थेट पुलापर्यंत जायचं, पुलाखालून वळायचं आणि तितकंच मागे यायचं. पुलाखाली पोचतो तर काय! आमची अख्खी सोसायटी आपापल्या गाड्यांत बसलेली. कोण समोरून दूध आणायला निघालंय, कोण क्लासमधून नातवाला. पूर्वी सगळे चालत जायचे. नुसते हॉर्न, आणि जागचं कोणी हलत नाही.

डावीकडच्या गाडीतल्या एका अनोळखी गृहस्थांनी काच खाली केली. "कुठे निघालात एवढा हॉर्न वाजवत?"

"इथेच. बागेत."

"बागेत? गाडी घेऊन?" ते कडाडले. "तुमच्यासारख्यांकडून दणकून पैसे घेतले पाहिजेत! त्याशिवाय ही कोंडी सुटायची नाही!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबांनी त्यांच्याकडे वाकून मान डोलावली.

"अगदी बरोबर बोललात," बाबा म्हणाले. "हा माझा मुलगा. सुरुवात याच्यापासूनच करा."