लाभ, दोन, तीन

"मोज," गुरुजी म्हणाले, आणि टेबलावरचे खडे माझ्यापुढे ढकलले. मी पहिलीत होते. पहिला खडा उचलला आणि मोठ्यानं म्हणाले, "लाभ."

वर्गात हशा पिकला. काय चुकलं, मला कळेना. माझी आई गुरुजींच्याच नारळाच्या वाडीत कामाला. तिथं ढीग मोजताना पहिल्या नारळाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. मालकाच्या घरी बरकत यावी म्हणून. आमच्या घरी कसली बरकत? पण सवय तीच.

नेमकी आई तेव्हा शाळेच्या कार्यक्रमासाठी वाडीतून आणलेले नारळ अंगणात उतरवत होती. गुरुजींनी तिला दारात बोलावलं. मोजून दाखव म्हणाले. आईनं पदर सारखा केला आणि मोजलं. लाभ, दोन, तीन. पोरं खिदळली.

"बौद्धवाडीचं सगळं लाभापासूनच सुरू," गुरुजी म्हणाले.

आई हसली, कसंनुसं. आणि मीही हसले. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

गुरुजींच्या बोलण्यातली मेख मला कॉलेजात गेल्यावर कळली. सवलतीवरून तोच टोमणा तिथं रोज ऐकला. लाभ कुणाचा होता? नारळ कुणाचे होते? आईच्या तळहाताची सालटं तेवढी आमची.

त्या दिवशी घरी आई रागावली नाही. चिंचोके घेऊन बसली. इकडं आठ, तिकडं पाच.

"आठाला दोन कमी हायत गो. पाचातलं दोन इकडं ढकल. दहा झालं. वर किती?"

"तीन."

"मग बोटं कशाला मोजतेस?"

अशी मी बेरीज शिकले. आणि त्या दिवसापासून आई माझ्यासमोर 'एक' म्हणू लागली. चुकून लाभ आलंच, तर जीभ चावायची. माझ्या हसण्याला भ्यायली होती ती. आये, चुकलं माझं, एवढं म्हणायचं राहून गेलं. ती गेली.

आता मी गणित शिकवते. उद्या गुरुजींचा सत्कार आहे. त्यांची नावाजलेली विद्यार्थिनी म्हणून मी बोलायचं आहे. आयोजकांनी भाषण लिहूनच दिलंय मला. पहिलं वाक्य, 'गुरुजींनी मला बेरीज शिकवली.'

ते वाक्य मी खोडलं. त्या जागी लिहिलं, 'बेरीज मला आईनं शिकवली. गुरुजींनी मला तिला हसायला शिकवलं.'

उद्या माईकवर हेच वाचणार आहे. गुरुजी समोरच्या खुर्चीत असतील.