बीजींचे भाडेकरू

भाड्याच्या घरात राहणाऱ्यानं सामान वाढू देऊ नये, ही अक्कल मला नोएडात आल्यावर आली. इथे येईपर्यंत दर घरबदलीला आम्ही काही ना काही टाकत आलो. आधी कुंड्या गेल्या, मग दिवाण, मग लग्नात आलेला तो भलामोठा डिनर सेट. किस्से मात्र टाकता येत नाहीत बाई! ते साठतच जातात, आणि त्यांना टेम्पोही लागत नाही.

आमच्या सेक्टरमध्ये आम्ही चार मराठी घरं. सगळी भाड्याची. रविवारी कुणाकडे तरी पोह्यांना जमतो, आणि विषय कुठूनही सुरू झाला तरी गाडी बीजींवर येऊन थांबते. बीजी म्हणजे शुभाताईंच्या घरमालकीण. पंजाबी, पंचाहत्तरी केव्हाच ओलांडलेली, उंचपुरी, पांढरा सलवार-कमीज आणि पायात पुरुषी सँडल. खाली त्या एकट्या असायच्या, वर शुभाताईंचं कुटुंब. मी आयुष्यात बरेच साहेब पाहिले, दिल्लीजवळ राहून एकदोन मंत्रीही जवळून पाहिले. पण ज्यांच्यासमोर आपोआप सरळ बसावंसं वाटतं, अशी माणसं मी दोनच पाहिली. एक माझे हायस्कूलचे हेडमास्तर, दुसऱ्या बीजी.

*

आम्ही नाशिकहून आलो तेव्हा आधी दिल्लीतच घर बघत होतो. माझ्या नवऱ्याचं, अजितचं, ऑफिस कस्तुरबा गांधी मार्गाच्या बाजूला, म्हटलं जवळपास मिळालं तर बरं. चार दिवसांत डोळे उघडले. एका ठिकाणी तर स्वयंपाकघर म्हणून जे दाखवलं, त्यात मी उभी राहिले की दार लागत नव्हतं. मग सगळे जे करतात तेच आम्ही केलं. यमुना ओलांडली.

नोएडात पहिलंच घर बघितलं ते बीजींचं. दोन खोल्या, गच्ची, समोर कडुनिंब, आणि भाडं आमच्या आवाक्यातलं. मी तर मनातल्या मनात पडदेसुद्धा लावले. बाकी घरमालक विचारतात तसं वाटलं, या पण विचारतील, नॉनव्हेज खाता का, पाहुणे किती येतात. बीजींनी एकच प्रश्न विचारला.

"लड़ते हो?"

आम्ही दोघंही एकदम, शाळेत म्हणतात तसं, "नहीं, बिल्कुल नहीं."

बीजींनी आम्हाला चहा दिला, मठरी दिली, नाशिकची चौकशी केली. निघताना सांगितलं, घर मिळणार नाही. जे नवराबायको भांडत नाहीत म्हणतात ते खोटं बोलतात, आणि खोटं बोलणाऱ्यांना मी घर देत नाही. वर मागच्या गल्लीतल्या मल्होत्राजींकडे पाठवलं. म्हणाल्या, "उसे फ़र्क़ नहीं पड़ता."

त्या मल्होत्राजींकडेच आम्ही आजही राहतो. घरी येताना वाटेत आमचं जे जोरदार भांडण झालं, ते बीजींनी ऐकायला हवं होतं.

*

आम्हाला नाकारलेलं घर शुभाताईंना मिळालं. शुभाताई साताऱ्याकडच्या, दिल्लीत केंद्र सरकारी ऑफिसात सेक्शन ऑफिसर. त्यांचे यजमान दिलीपराव इथेच नोएडात एका कारखान्यात अकाउंट्स बघतात. ते दोघं घर बघायला आले तेच गेटवर कचाकचा भांडत. दिलीपरावांनी रिक्षा चुकीच्या सेक्टरला नेली होती, आणि शुभाताई त्यांना मराठीत त्यांच्या खानदानासकट सुनावत होत्या. बीजी व्हरांड्यात खुर्ची टाकून ऐकत बसल्या. शब्द कळत नव्हता एक. भांडण संपेपर्यंत मध्ये बोलल्यासुद्धा नाहीत. संपल्यावर उठल्या आणि किल्ली शुभाताईंच्या हातात दिली. घर बघायचं राहिलंच होतं!

पण या घरावर पहिल्या दिवसापासून एक टांगती तलवार होती, ती सांगायला हवी. शुभाताईंचं नाव सरकारी क्वार्टरच्या यादीत होतं. दिल्लीत क्वार्टर मिळायला वर्षानुवर्षं जातात, पण निघालं की घ्यावंच लागतं. नाही म्हटलं तर पुढे लवकर मिळत नाही. आणि बीजींचा मुलगा गुरुग्रामला. तो चांगला आहे हो, वाईट नाही. पण त्यानं सरळ सांगून ठेवलं होतं, की वरची माणसं गेली की आईला इथे एकटं ठेवणार नाही. घर विकायचं आणि आईला आपल्याकडे न्यायचं. म्हणजे शुभाताईंचं क्वार्टर निघालं, की बीजींचं घर गेलं. हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

*

भाड्याचा करार अकरा महिन्यांचा असतो. तो संपला की ब्रोकर येतो, नवा कागद करतो, सह्या होतात, झालं. बीजींना हे पटेना. त्यांचं म्हणणं, करार संपला म्हणजे संपला. भाडेकरूनं घर सोडलं पाहिजे आणि नवा करार करून नव्यानं आलं पाहिजे. नाहीतर तो कागद कशाला?

म्हणून दर अकरा महिन्यांनी शुभाताई घर सोडत. म्हणजे कशा, तर प्रेशर कुकर हातात घेऊन गेटबाहेर जायच्या. बीजी आतून कडी लावत. मग दिलीपराव बेल वाजवत, बीजी येऊन कडी काढत आणि कोण कुठले, काय काम आहे, इथपासून सगळी चौकशी करत. शुभाताई कुकर सांभाळत नावगाव सांगायच्या. मग बीजी दोघांना वरपासून खालपर्यंत बघून म्हणत, "ठीक है, आदमी शरीफ़ लगते हो." मग आत घेऊन सगळ्यांना खीर.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हसून हसून रडले. पुढच्या वेळी बघितलं, बीजी कडी लावून आत उभ्या होत्या. बाहेरून बेल वाजेपर्यंत त्यांचा हात कडीवरच होता. तेव्हा मला हसू आलं नाही.

*

मे महिन्यातली नोएडाची दुपार ज्यानं बघितली नाही त्याला सांगून कळायचं नाही. एका वर्षी ऐन लूच्या गरम वाऱ्यांत आमच्या दोन गल्ल्यांची वीज गेली. फोन केले, ॲपवर तक्रारी टाकल्या, मल्होत्राजींनी कुणाकुणाच्या ओळखी काढल्या. उत्तर एकच, काम चालू है.

बीजींनी कुणाला काही विचारलं नाही. घरातली फोल्डिंगची खाट उचलायला लावली, ई-रिक्षात आडवी घातली आणि थेट विजेच्या सबस्टेशनवर गेल्या. तिथल्या ऑफिसात पंखा चालू होता. त्याच्याखाली खाट उघडली आणि आडव्या झाल्या. साहेब म्हणाला, माताजी, ये सरकारी दफ़्तर है. बीजी डोळे न उघडता म्हणाल्या, "बेटा, जहाँ बिजली है, मैं तो वहीं लेटूँगी. मेरे घर भेज दो, मैं घर चली जाऊँगी."

ना आवाज चढवला, ना कुणाची ओळख सांगितली. साहेबानं आधी समजावलं, मग ताक मागवून दिलं, मग स्वतः लाइनमनबरोबर बाहेर पडला. संध्याकाळच्या आत दोन्ही गल्ल्यांत वीज! बीजी खाटेसकट परत आल्या तेव्हा लोक बाल्कन्यांत उभे होते. मल्होत्राजी, जे कुणाच्याही पाया पडत नाहीत, ते खाली उतरून पाया पडले. खोटं नाही सांगत, मीही पडले.

*

संक्रांतीला आम्ही बायका बीजींकडे तिळगूळ घेऊन गेलो. शुभाताईंनी अर्थ सांगितला, की हा घ्यायचा आणि गोड बोलायचं. बीजींनी लाडू हातात घेतला, विचार केला आणि परत दिला. म्हणाल्या, उद्या शेजारच्या शर्माशी गाडीच्या पार्किंगवरून बोलायचंय, ते गोड होणार नाही. खाऊन मग कसं बोलू?

आठवड्यानं भर दुपारी माझ्या दारात हजर. शर्मांशी बोलून झालं होतं. हात पुढे करून म्हणाल्या, "ला, अब दे. अब बोल सकती हूँ."

मराठी माणसं जन्मभर तिळगूळ खातात. त्याचा शब्द इतका मनावर घेतलेलं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

*

एका दिवाळीला मुलगा त्यांना गुरुग्रामला घेऊन गेला. चांगला पंधरा दिवसांचा बेत होता. बीजी तिसऱ्या दिवशी परत! एकट्या, मेट्रोनं, वाटेत गाडी बदलून, हातात मिठाईचा डबा. मुलगा फोनवर फोन करत होता, आणि या शुभाताईंच्या स्वयंपाकघरात बसून वरणभात खात होत्या.

काय झालं विचारलं, तर सुनेनं काही केलं नव्हतं, नातवंडंही गोड होती. घर खूप उंचावर आहे म्हणाल्या. "बाल्कनी से नीचे देखो तो आदमी चींटी लगता है. मुझे आदमी आदमी जितना दिखना चाहिए."

त्या दिवशी मुलाचा फोन शुभाताईंनीच घेतला. त्याला म्हणाल्या, काळजी करू नका, आम्ही आहोत. फोन ठेवल्यावर त्यांचा चेहरा उतरला. कारण आहोत म्हणजे कुठवर, हे त्यांच्या हातात नव्हतं.

*

आणि मागच्या वर्षी क्वार्टर निघालं.

दिल्लीत, शुभाताईंच्या ऑफिसपासून हाकेच्या अंतरावर. झाडं, बाग, समोर शाळा. दुसरं कुणी असतं तर पेढे वाटले असते. शुभाताई माझ्याकडे येऊन सोफ्यावर बसल्या आणि रडल्या. म्हणाल्या, नाही म्हणून टाकते. दिलीपरावांना एवढ्या वर्षांत बायकोचा एकही निर्णय पटला नव्हता, हा पटला. दोघं मिळून खाली सांगायला गेले, की आम्ही जात नाही.

बीजी भडकल्या. त्यांना इतकं चिडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. मुलीचं कॉलेज दिल्लीत, तुझं ऑफिस दिल्लीत, रोज मेट्रोत लटकून तू अर्धी झालीस, आणि म्हातारीसाठी सरकारचं घर सोडतेस? लोकांनी मला काय म्हणायचं? शुभाताई म्हणाल्या, मग तुम्ही चला आमच्याबरोबर. तर म्हणाल्या, मी मालकीण आहे. मालकीण कधी भाडेकरूच्या घरी राहायला गेलेली ऐकलीस का?

शेवटी शुभाताईंना क्वार्टर घ्यावंच लागलं, आणि बीजींच्या मुलानं येऊन गिऱ्हाइकांना घर दाखवायला सुरुवात केली. बीजी येणाऱ्यांना पाणी देत आणि परत जाऊन बसत. एवढी धिप्पाड बाई, खुर्चीत लहान दिसायला लागली होती. मला बघवेना. मी त्या दिवसांत त्या गल्लीतून जायचंच टाळलं.

सामान हलवायचा दिवस उजाडला, तेव्हा मात्र मी गेले. टेम्पो भरला, दोरी बांधली. शुभाताई पाया पडायला खाली गेल्या, तर बीजी घरात नाहीत. बाथरूम बघितलं, गच्ची बघितली, दिलीपराव कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत धावत गेले. शेवटी टेम्पोवाल्यानंच हाक मारली. बीजी पुढच्या सीटवर बसल्या होत्या, मांडीवर बॅग, पायाशी ट्रंक. घराला त्यांनी स्वतः कुलूप घातलं होतं. किल्ली मला दिली आणि म्हणाल्या, विकायचं नाही, रोज एकदा खिडक्या उघड. मुलाला काय सांगितलं विचारलं, तर म्हणाल्या, "उसे बोल दिया, मैं दिल्ली शिफ़्ट हो रही हूँ." जसं काही त्यांचीच बदली झाली होती!

*

आता शेवटचा किस्सा. हा मी डोळ्यांनी पाहिलाय.

क्वार्टरमध्ये तपासणीला लोक येतात. कुणी सरकारी घर भाड्यानं तर दिलं नाही ना, पोटभाडेकरू तर ठेवला नाही ना, हे बघायला. सापडलं तर घर जातं, आणि नोकरीतही निस्तरावं लागतं ते वेगळंच. शुभाताई पहिल्या दिवसापासून धास्तावलेल्या. दारावर पाटी मराठी, आडनाव मराठी, आणि बाहेरच्या खोलीत पंजाबी बोलणारी म्हातारी. कोण म्हणून सांगायचं? त्यांनी बीजींना पढवलं, की कुणी आलं तर मावशी म्हणून सांगा. बीजींनी ऐकून घेतलं. हो म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या शनिवारी आम्ही जेवायला गेलो होतो आणि बेल वाजली. दोघंजण होते. एक वयस्क, एक त्याच्यामागे. घरात कोण कोण राहतं? शुभाताईंनी आपली, दिलीपरावांची, मुलीची नावं सांगितली. तेवढ्यात त्या वयस्क माणसाची नजर खिडकीशी मटार सोलत बसलेल्या बीजींवर गेली.

"और ये माताजी?"

शुभाताईंनी "मौसी" म्हणायला तोंड उघडलं. दिलीपरावांनी डोळे मिटून घेतले. मी अजितचा हात धरला. क्वार्टर, नोकरी, बीजींचं इथलं राहणं, सगळं त्या एका उत्तरावर होतं.

बीजींनी मटारचं ताट बाजूला ठेवलं, ओढणी नीट केली आणि त्या माणसाकडे सरळ बघितलं.

"मैं? मैं इनकी मकानमालकिन हूँ."

तो माणूस शुभाताईंकडे बघायला लागला, मग छताकडे, मग सरकारी पंख्याकडे. शेवटी म्हणाला, "माताजी, ये तो सरकारी क्वार्टर है."

"पता है," बीजी म्हणाल्या. "खड़े क्यों हो? बैठो."

आणि तो बसला.