हसनमियाँनी बसवलेला चाप

महिन्यापूर्वी सकाळी चहा घेत होतो, तेव्हा मंगफहून फोन आला. "काका, अब्बा गेले. पहाटे, झोपेतच…" हसनमियाँचा मुलगा इम्रान बोलत होता. मी इथे कुवेतमध्ये सबाह अल-सालेमला मुलाकडे राहतो, मंगफ काही लांब नाही. दफनाला गेलो, मागच्या रांगेत उभा राहिलो आणि कुणाशी न बोलता परतलो. तिथे जे बोलायला हवं होतं, ते आता लिहितो आहे.

हसनमियाँ दाभोळ खाडीच्या काठचे. इथल्या एका नेमबाजी क्लबच्या शस्त्रशाळेत आम्ही बारा वर्षं एकत्र होतो. ते कारागीर, मी त्यांचा वरिष्ठ… कागदावर वरिष्ठ. जुन्या लष्करी रायफलीचा चाप दोन टप्प्यांत ओढावा लागतो. आधी तो ढिला येतो, मग बोटाला अडतो, आणि तिथून जरा जोर दिला की बार उडतो. स्पर्धेत उतरणाऱ्या सभासदांना तो ढिला टप्पा नको असायचा. ओढला की थेट सुटायला हवा. काम सोपं वाटतं, पण ढिला भाग काढून आतली पकड मात्र पुरेशी राखावी लागते. ती केसभर जास्त घासली गेली, तर बोट न लावताही गोळी सुटते.

हसनमियाँ ते काम करताना आधी कुरकुरत. "पहिल्या पायरीवरून माणसाला मागे फिरता येता, साहेब. ह्यांना नेमकी तीच नको." मग दोन दिवस मान वर करत नसत. चाप बसला की रिकामी रायफल बोल्ट ओढून चढवायची आणि तिचा दस्ता रबरी चटईवर तीस वेळा आपटायचा. एकदाही चाप सुटता कामा नये. वीस झाले की मी म्हणायचो, "पुरे आता." त्यावर ते म्हणायचे, "तुमी नुसते मोजा. दमलो तर तुमालाच आपटायला लावीन." तिसावा झाला की सहीची चिठ्ठी बांधत. ती चिठ्ठी दिसली की मैदानावरची माणसं रायफल पुन्हा तपासत नसत. एका पाहुण्या नेमबाजाने चार गोळ्या झाडून विचारलं होतं, हा चाप कुठल्या कारखान्याचा? हसनमियाँ हिंदीत म्हणाले, "दाभोळ का." त्याने ते नाव वहीत लिहून घेतलं.

एका शुक्रवारी ते जुम्म्याच्या नमाजला गेले होते. अशीच एक रायफल चिठ्ठी बांधून तयार होती. ज्याच्यासाठी होती तो बडा सभासद आला, चाप ओढून पाहिला आणि जड आहे म्हणाला. "शुवय्या, मुहंदिस," म्हणजे थोडंच हलकं कर, इंजिनिअर. अर्धा तास थांबा, एवढंच मला सांगायचं होतं. पण त्याच्यासमोर मला कारागीर व्हायची हौस आली. चिठ्ठी सोडली, चाप उघडला आणि घासायचा दगड दोन-तीनदा फिरवला. जोडून पाहिलं, हलका लागला. दस्ता एकदाही आपटला नाही. हसनमियाँची चिठ्ठी मी पुन्हा बांधली.

दुपारी मैदानावर गोळी भरून बोल्ट बंद करताच, चापाला बोट न लावता, त्या रायफलीचा बार उडाला. गोळी समोरच्या वाळूच्या बांधात गेली. कुणाला लागलं नाही, हे नशीब.

चौकशीच्या आधी हसनमियाँनी तो चाप माझ्यासमोर उघडला. उजेडात धरला, बराच वेळ पाहिला. मग हलकेच म्हणाले, "साहेब, दगड नेहमी उभा फिरवायचा असतो. हा आडवा फिरलाय." माझ्याकडे पाहिलं आणि चाप कागदात गुंडाळला. मी बोलेन म्हणून थांबले होते, हे मला तेव्हाही कळलं होतं. चौकशीत त्यांना चिठ्ठीबद्दल विचारलं. "चिठ्ठी मेरी है," एवढंच ते म्हणाले. मी शेजारी बसून होतो… बसूनच राहिलो. त्यांची शस्त्रशाळेतली नोकरी गेली आणि ते सुलैबियाच्या एका गोदामात पंप दुरुस्त करू लागले. मी त्याच खुर्चीवरून निवृत्त झालो. दर ईदला त्यांच्या घरून शीरखुर्मा येत राहिला.

त्या रायफलीवर हसनमियाँनी केलेलं काम निर्दोष होतं. बिघाड माझा होता. क्लबला तसं लेखी दिलं आहे. त्यांच्यासारखा हात मी दुसरा पाहिला नाही, आणि त्या हाताशेजारी बारा वर्षं बसायला मिळालं याचा मला आजही अभिमान वाटतो.

गेल्या आठवड्यात मंगफला जाऊन इम्रानला आणि त्याच्या आईला हे सगळं सांगितलं. इम्रान म्हणाला, "अब्बांना माहीत होतं? मग व्हाय नाऊ, काका? ते असताना का नाही?" भाभी, म्हणजे त्याची आई, मात्र शांत होत्या. म्हणाल्या, "मला ते कधी बोलले नाय. पण चूक त्यांची असती ना, तर त्या दिवसापासून कानशीला हात लावला नसता त्यांनी." आणि त्यांनी मला गॅलरीत नेलं.

तिथे फळीवर कानशी उतरत्या क्रमाने मांडलेल्या होत्या, धूळ नव्हती. इमारतीतल्या बायका कात्र्या, मिक्सर, शिवणयंत्रं इथेच आणून देत. फळीच्या कडेला बसवलेल्या शेगड्याच्या लोखंडी जबड्यात कुणाच्या तरी शिवणयंत्राची पट्टी अडकवलेली होती, अर्धी घासलेली. मी नकळत हात पुढे केला.

"ऱ्हाऊं द्या," भाभी म्हणाल्या. "दुसरा कोणतरी बघू. तुमी नको."

मी हात मागे घेतला.