दोनदा दाबलं की हो

शिलाई मशीन बिघडले की माझे भाऊजी आधी ते उघडत नाहीत. लाकडी मुठीचा एक जुना स्क्रूड्रायव्हर आहे त्यांचा. त्याचे टोक मशीनच्या अंगाला टेकवतात, मूठ कानामागच्या हाडाला लावतात आणि डोळे मिटून म्हणतात, "चालवा." मग आजूबाजूचे सगळे गप्प. कारखान्यातल्या शिवणाऱ्या बाया त्यांना डॉक्टर म्हणायच्या त्या यावरूनच.

"काय डॉक्टर, पेशंट वाचेल ना?"

"पेशंटला धाड भरलेली नाही. नातेवाईक तेल पाजत नाहीत."

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात. देवाने मला सख्खा भाऊ दिला नाही, ती कसर या माणसाने भरून काढली. माझ्या घरचा नळ गळला तरी मी आधी त्यांनाच हाक मारणार. बोलण्यात मिश्कील, व्यवहारात भोळे, आणि ताईच्या बाबतीत अगदी मऊ. तिने "अहो" म्हटले की हातातले काम टाकून उठायचे. "आलो गं" हे दोन शब्द त्या घराच्या भिंतींनाही पाठ झाले असतील.

त्यांचे उभे आयुष्य कारखान्यात गेले. पत्र्याच्या छपराखाली रांगेने मशीन, सगळी एकदम धडधडणारी. कानात घालायला कापसाचा बोळा, तोही आठवला तर. म्हातारपण यायच्या आधीच कान गेले. कामाचे काही अडले नाही, कारण मशीनचे दुखणे त्यांना हाडातून कळायचे. अडले ते माणसांचे.

त्यावर ताईने तोड काढली. चारचौघांत ती त्यांना चिकटून बसायची आणि त्यांचा हात हातात धरायची. कोणी काही विचारले की दोनदा दाबायचा, म्हणजे हो. एकदा दाबला की नाही. कोणी विनोद केला तर बारीक चिमटा, म्हणजे हसा. भाऊजी बरोबर जागेवर हसायचे. लोक म्हणायचे, बघा, या वयातही हातात हात! ताई लाजून त्यांना चिमटा काढायची, आणि काय चालले आहे हे न कळताच ते पुन्हा हसायचे.

पुढे ताईला कंपवाताने गाठले. आधी उजव्या हाताचा अंगठा, मग सगळा हात. कपातला चहा बशीत यायला लागला. मग आवाज बसत चालला. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा त्या दुखण्याचाच भाग आहे, आवाज असाच बारीक होत जाईल. हे भाऊजींना कोणी सांगितले नाही. सांगायचे म्हणजे ओरडून सांगायला हवे होते, आणि ताईच्या देखत असले कोण ओरडणार? भाऊजींना वाटे, तिचे बोलणे कळत नाही ते आपल्याच कानांमुळे.

"इतकी वर्षं हिचं ऐकून घेतलं," ते मला एकदा म्हणाले, "आता ऐकायचंय."

म्हणून त्यांनी फोनवरची जाहिरात बघून कानाचे यंत्र मागवले. बँकेने गळ्यात मारलेले एक क्रेडिट कार्ड त्यांच्याकडे होते. ताईची औषधे त्यावरच यायची, यंत्रही त्यावरच घेतले. डबा आला. आत शर्टाच्या बटणाएवढ्या दोन वस्तू. एक चालूच होईना, दुसरी कानात घातली की शिट्टी मारायची.

"ऐकू काही येत नाही," भाऊजी म्हणाले, "पण कुकर झाल्यासारखं वाटतंय."

विकणाऱ्याने माल परत घेतला नाही, उत्तरही दिले नाही. तेव्हा आमचे हे म्हणाले, "कार्डाच्या बँकेकडे तक्रार करा. माल खराब निघाला तर ते पैसे परत देतात. नियमच आहे तसा."

नियम होता. पण त्याच्यापर्यंत जायची वाट फोनवरून होती.

तक्रार आम्ही लिहून पाठवली. उत्तर आले: आम्ही आपल्याला फोन केला, आपण उचलला नाही, सबब तक्रार बंद केली आहे. फोन वाजला तेव्हा भाऊजी त्याच्या शेजारीच बसून मशीनचा पट्टा कापत असणार. पुन्हा पाठवली, ठळक अक्षरांत लिहून, की तक्रार करणाऱ्याला ऐकू येत नाही. त्यांनी पुन्हा फोनच केला. पुन्हा बंद. मग मी आणि भाऊजी बँकेत गेलो. काचेमागचे गृहस्थ सभ्य होते. म्हणाले, "कार्डाचं काम इथे होत नाही. हा नंबर घ्या आणि फोन करा."

शेवटी मी फोन लावला. आधी बराच वेळ पेटीसारखे काहीतरी वाजत राहिले. मग 'आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे'. मग पुन्हा वाजंत्री. माझी भाजी निवडून, धुऊन, चिरून झाली तेव्हा एक मुलगी बोलायला आली. आवाज गोड.

"मॅडम, कार्ड तुमच्या नावावर आहे का?"

"नाही, माझ्या भाऊजींच्या."

"मग त्यांनाच बोलावं लागेल."

"त्यांना ऐकू येत नाही हो."

"मी समजू शकते मॅडम. पण त्यांना फोनवर द्या."

"अगं बाई, ऐकू येत असतं तर कानाचं यंत्र कशाला घेतलं असतं?"

"मी समजू शकते मॅडम."

तिच्यावर राग तरी कसा काढायचा? तिच्यापुढेही कोणी लिहूनच ठेवले असेल, काय बोलायचे ते.

पुढच्या वेळी फोन स्पीकरवर टाकून भाऊजींच्या हातात दिला आणि मी पाटीवर प्रश्न लिहून दाखवू लागले. ते चष्मा पुसून वाचेपर्यंत पलीकडून "हॅलो, हॅलो, आपला आवाज येत नाही," आणि कट. त्याच्या पुढच्या वेळी एक पुरुष होता, कडक. मी बोटाने दाखवता दाखवता सवयीने तोंडानेही पुटपुटले. "मागून कोणीतरी उत्तरं सांगतंय," तो म्हणाला. "असं चालणार नाही." कट.

"तुझा आवाज दणदणीत," भाऊजींनी निकाल दिला. "तुला काढून टाकलं पाहिजे. हिला घेतो. ही न बोलता सांगते."

मग तालीम झाली. मोठ्या कागदावर जन्मतारीख, पत्ता, आईचे नाव लिहिले. ताईने त्यावर बोट ठेवायचे आणि भाऊजींनी वाचायचे. हो-नाहीचे प्रश्न हाताने. तालमीत बँक मी झाले. "मी समजू शकते सर," म्हटल्याबरोबर ताईने चिमटा काढला आणि भाऊजी खो खो हसले. त्या दुपारी त्या खोलीत इतके हसणे झाले की मी मनात म्हटले, देवा, पैसे मिळोत न मिळोत, एवढे दिलेस ते पुष्कळ.

खऱ्या फोनच्या वेळी मला घराबाहेर काढण्यात आले. मी देवळात जाऊन जप करत बसले. परत आले तर भाऊजी दारातच उभे.

"झालं! सगळं नोंदवून घेतलं."

ताई खुर्चीत होती. दमलेली दिसली. मी तिला पाणी दिले, पेला दोन्ही हातांनी धरून ती ते प्यायली. मला वाटले, शीण आला असेल.

पुढे खरोखरच पैसे कार्डावर परत जमा झाले. कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिले होते, की ही रक्कम तात्पुरती आहे, चौकशी पुरी होईपर्यंतची. आनंदाच्या भरात तळाचे बारीक अक्षर कोण वाचतो? भाऊजी आम्हा दोघींना घेऊन कानाच्या खऱ्या दुकानात गेले. तिथल्या बाईंनी कान तपासले, मापाचे यंत्र बसवले आणि म्हणाल्या, "थोडे दिवस वापरून बघा. पटलं तर पैसे द्या."

रस्त्यावर येताच भाऊजी थबकले. "मी एवढा पाय घासत चालतो? आणि कोणी सांगितलं नाही?"

घरी आल्यावर त्यांना नळाचा थेंब ऐकू आला. फ्रिजची घरघर ऐकू आली. पिशवीतून एक स्क्रू निसटला, तो कपाटाखाली कुठवर घरंगळत गेला हे त्यांनी न बघता सांगितले. मग ताईसमोर स्टूल ओढून बसले.

"बोल."

ताई काहीतरी बोलली. त्यांनी यंत्राचे बटण वाढवले.

"पुन्हा बोल."

ती पुन्हा बोलली.

"अगं, जरा मोठ्यानं बोल की."

ताईच्या गळ्याच्या शिरा ताणल्या. "हेच मोठ्यानं आहे," ती म्हणाली.

ते मात्र त्यांना ऐकू आले. मग माझ्याकडे वळून, लहान मुलाने चुकीची कबुली द्यावी तसे म्हणाले, "मला वाटत होतं माझे कान गेलेत."

त्यानंतर त्यांनी दुरुस्तीची कामे घेणे थांबवले. "उरलंय तेवढं ऐकून घेतो," म्हणायचे. सकाळी ताई देवाचे नाव घ्यायची तेव्हा शेजारी जाऊन बसायचे. ज्या माणसाने जन्मात कधी हात जोडले नाहीत, तो! "देवाशी बोलतेस तेवढं माझ्याशी बोलली असतीस तर," म्हणायचे, आणि ताई जपात हसायची.

यंत्र परत करायचा किंवा विकत घ्यायचा दिवस जवळ आला आणि बँकेचा कागद आला. मीच वाचून दाखवला. ध्वनिमुद्रित संभाषणात माल चांगल्या स्थितीत मिळाल्याचे ग्राहकाने स्वतः मान्य केले आहे. तक्रार फेटाळण्यात येत आहे. जमा केलेले पैसे परत काढून घेतले होते, वर व्याज लावले होते.

"मी? मी असं कधी म्हणालो?"

त्यांनी ताईकडे पाहिले. ताई स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होती. हात मांडीवर होता आणि कापत होता.

भाऊजींना समजायला क्षणसुद्धा लागला नाही. "हां हां, म्हणालो असेन," ते घाईघाईने बोलले. "माझंच ध्यान नव्हतं त्या दिवशी. कानाबरोबर डोकंही गेलंय माझं."

ताई काहीतरी सांगू लागली. यंत्र कानात होते, तरी त्यांनी ऐकू न आल्यासारखे केले आणि उठून पिशवी आवरायला लागले.

मला तिने मागाहून सांगितले, थांबत थांबत, मी कान तिच्या ओठांशी नेला तेव्हा. बँकेच्या मुलीने विचारले, माल चांगल्या स्थितीत मिळाला का? "मी एकदाच दाबला गं. मग तो आपला आपण हलला. हे 'हो' म्हणाले." ती घाबरली. चूक सुधारायला तिने पुन्हा एकदा, घट्ट, एकदाच दाबला. पण तोवर मुलगी पुढे गेली होती. आणखी काही सांगायचं आहे का सर? भाऊजी म्हणाले, "नाही. धन्यवाद." पैसे जमा झाले तेव्हा ताईला वाटले, देवाने झाकून नेले.

मी पुन्हा फोन लावला. "जे नोंदलं गेलं ते बदलता येत नाही," पलीकडून एक मुलगी म्हणाली. "काही नवा पुरावा असेल तर द्या." बहिणीचा हात कापतो म्हणून तोंडातून हो निघाले, याचा पुरावा कुठून आणू? तरी सगळे सांगितले. ती म्हणाली, मी समजू शकते.

यंत्राचे पैसे आम्ही देतो म्हणून आमचे हे खाली गेले. भाऊजींनी हात जोडले. "कार्डाचं देणं आधीच वर गेलंय. द्यायचेच असतील तर हिच्या औषधांना द्या. कान काय, मला सवय आहे."

यंत्र परत करायला आम्ही तिघे गेलो. दुकानाच्या पायरीशी भाऊजी थांबले. ताईला म्हणाले, "एकदा हाक मार."

रहदारी चालू होती. ताईने श्वास गोळा केला. "अहो."

"आलो गं," भाऊजी म्हणाले, आणि यंत्र काढून डबीत ठेवले.

आता ताईचा आवाज जवळजवळ नाहीच. मी कान अगदी ओठांना लावला तर वाऱ्यासारखे काहीतरी लागते. भाऊजी पुन्हा मशीन दुरुस्तीला जातात, संध्याकाळी लवकर येतात. फोनचे नाव त्या घरात कोणी काढत नाही. ताई मात्र हात पदराखाली घेऊन बसते. भाऊजी धरायला गेले तरी देत नाही.

आज देवाजवळ दिवा लावून मी खाली गेले, तर भाऊजी तिच्या खुर्चीशी गुडघे टेकून बसलेले. मला बघून लाजले नाहीत. मशीनला लावतात तसे त्यांनी कानामागचे हाड ताईच्या कपाळाला टेकवले, डोळे मिटले आणि म्हणाले, "चालवा."

खोलीत फक्त नळाचा थेंब. थोड्या वेळाने त्यांनी मान हलवली.

"येतंय. स्पष्ट येतंय ऐकू."

ताई अजून काही बोललीच नव्हती. तिने माझ्याकडे पाहिले. मग पदराखालून तो हात बाहेर काढला, त्यांच्या हातावर ठेवला आणि दाबला. एकदा. कापणे जरा थांबेपर्यंत वाट पाहिली, आणि पुन्हा एकदा.