भरलेला गाल जाळला

मंडळी, आज सकाळी मार खाऊन आलो. त्वचेच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या पेशंटचं पुढे काय होतं, याच्या संशोधनासाठी मी घरोघरी जाऊन नोंदी घेतो.

सिंदीला गालाचं ऑपरेशन झालेल्या कमलाबाईंच्या दारात पोचलो, तर त्यांच्या दिराने कॉलर धरून थोबाडीत हाणली. "तुमच्या चाकूनंच गाठ पसरली! आता काऊन आले?"

कमलाबाई बाहेर आल्या. गाल जळलेला, पू वाहत होता. टाक्यांच्या जागी उंचवटा दिसला, म्हणून गाठ परत आली समजून दिराने तापल्या विळ्याने डागला होता.

"मले दवाखान्यात घेऊन चाल, भाऊ."

दिराला ढकललं, त्यांना गाडीवर बसवलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी मागच्या तपासणीचा फोटो दाखवला. त्यातही तोच उंचवटा होता. "भरलेल्या जखमेचा वण, दुसरं काही नाही," डॉक्टर म्हणाले.

आमचा फॉर्म विचारतो, ऑपरेशन यशस्वी झालं का? सांगा, काय लिहू?